फी माफ, तरी ऑक्टोबरात तूट : खेड तालुक्यातील एका घराच्या शिक्षणखर्चाचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, भरणे नाक्यापासून बऱ्याच आत असलेल्या एका वाडीतील एकत्र कुटुंबासमोर २०२५ च्या जून महिन्यात शिक्षणाचे तीन खर्च एकदम उभे राहिले. धाकटी मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली होती आणि सीईटीतील गुणांवर तिला अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्याची शक्यता होती. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मोठ्या मुलाला नोकरी सांभाळून पदविका करायची होती. काकांचा सहा वर्षांचा मुलगा पहिलीत जाणार होता. तिघांसाठीही बाहेरून पैसा मिळण्याची सोय होती : मुलीला शासनाचे अनुदान, मुलाला कंपनीची मदत आणि पुतण्याला खासगी शाळेतील राखीव जागा. असे असूनही सप्टेंबरात या घराला सोने गहाण ठेवावे लागले. मदत एकूण किती मिळते यापेक्षा ती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कागदावर मिळते, यावर कोकणातील अशा घरांचा शिक्षणाचा निर्णय ठरतो, हे या प्रकरणातून दाखवायचे आहे. हे एकाच घराचे वृत्त नव्हे. या पट्ट्यात वारंवार दिसणाऱ्या परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण रचले आहे, त्यामुळे घरातील आकडे नमुन्याचे आहेत आणि योजनांचे नियम व रकमा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

घर आणि त्याची मिळकत

वडील गवंडी आहेत. जांभ्याच्या चिऱ्याची घरे, गडगे, वाड्यांतील छोटी सभागृहे अशी कामे ते ठेकेदाराकडे आणि कधी स्वतंत्रपणे करतात. ही कामे दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि मे महिन्यात संपतात. जूनमध्ये पाऊस लागला की चिरेखाणी बंद होतात, बांधकाम थांबते आणि घरातील सगळे हात लावणीला लागतात. म्हणजे वर्षातील चार महिने रोख मिळकत जवळपास नसते. आई भातशेती पाहते आणि हंगामात काजूबी विकते. दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न १,९५,००० रुपये धरले आहे. मोठ्या मुलाला महिन्याला १८,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २,२२,००० रुपये मिळतात. काका प्रवासी रिक्षा चालवतात आणि त्यांचा संसार, चूल एक असली तरी, हिशोबाला वेगळा आहे. जमीन सामायिक आहे, सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत आणि त्यांतील निम्मी माणसे मुंबईत असतात. ज्या योजना अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांसाठी आहेत, त्यांच्या अर्जात हा सातबारा नेहमीच अडखळतो, कारण कुटुंबाच्या वाट्याला नेमकी किती जमीन येते हे त्यावरून वाचताच येत नाही. म्हणून या घराने तो मार्ग सुरुवातीलाच सोडला.

कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा घेऊ लागले तेव्हापासून निकालात राज्यात ते सातत्याने आघाडीवर आहे. पास होणाऱ्या मुलांची येथे वाण नाही. पण अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचर्या अशा अभ्यासक्रमांच्या बहुतेक जागा घरापासून दूर असल्याने पुढचे शिक्षण म्हणजे बहुधा दुसऱ्या गावी राहणे. राहण्याजेवणाचा खर्च फीपेक्षा कसा जड जातो, ते पुढील हिशोबातून दिसेल.

मुलीची फी आणि फीपलीकडचा खर्च

मुलीला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून नवी मुंबईतील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात इतर मागास वर्गाच्या जागेवर प्रवेश मिळाला. हे घर कुणबी आहे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत आधी मिळणाऱ्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा लाभ २०२४-२५ पासून दिला. हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला तो लागू नाही, आणि शेवटच्या फेरीनंतर घाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणारी घरे येथेच फसतात.

या महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ९८,००० रुपये होते आणि ते माफ झाले. विकास शुल्क व इतर किरकोळ आकारणी माफीत बसत नसल्याने १७,००० रुपये प्रवेशाच्या दिवशी भरावे लागले. वाशीजवळ चार मुलींच्या खोलीत खाट आणि मेसचा डबा मिळून महिन्याला ७,५०० रुपये, दहा महिन्यांचे ७५,००० रुपये. खोलीची अनामत ८,००० रुपये. लॅपटॉप ४२,००० रुपये. पुस्तके, रेल्वे आणि एसटीचा प्रवास ९,००० रुपये. फी सोडून हा खर्च १,५१,००० रुपये होतो आणि फी धरली तर २,४९,००० रुपये. दोनपंचमांश ओझे फीमाफीने उचलले, तीनपंचमांश घरावर राहिले. वर्तमानपत्रांत मुलींचे शिक्षण मोफत झाल्याचे मथळे आले होते. कोकणातील आईबापांनी ते वाचून पुढचे सगळे मोफत असे गृहीत धरले, तर त्यांना दोष देता येत नाही. पण हिशोब करून देणाऱ्या शिक्षकांनी आणि महा-ई-सेवा केंद्रचालकांनी हा फरक प्रवेशाच्या आधीच सांगायला हवा.

शासनाने मुलींकडून प्रवेशाच्या वेळी माफीचे शुल्क घेऊ नये असे महाविद्यालयांना बजावले आहे. या महाविद्यालयाने ते घेतले नाही, मात्र प्रतिपूर्ती न आल्यास पालक रक्कम भरतील असे हमीपत्र वडिलांकडून लिहून घेतले. वडिलांनी सही केली. वास्तविक हमीपत्राची प्रत मागून घेणे आणि शासनाच्या शिष्यवृत्त्यांसाठीच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज त्याच आठवड्यात भरून त्याची पोच महाविद्यालयात जमा करणे ही दोन कामे लगेच व्हायला हवीत. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये तपासणीविना पडून राहिला, तर पुढे हमीपत्र दाखवून पैसे मागितले जाण्याचा धोका खरा आहे.

कागदांच्या बाबतीत हे घर नशीबवान ठरले, आणि त्यात तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे. तेथे अकरावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांकडून जात पडताळणीचे अर्ज महाविद्यालयामार्फतच भरून घेतले जातात. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या बालपणी वाडीत शाळा नव्हती, ते शेजारच्या गावी शिकले होते, आणि त्या शाळेच्या १९५८ च्या रजिस्टरमधील नोंदीचा उतारा मिळाल्यामुळे रत्नागिरीच्या पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र बारावीच्या परीक्षेआधीच हाती आले. हे काम जुलैवर ढकलले असते, तर फीमाफीचा पुढचा सगळा विचार व्यर्थ होता.

उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र गुंता झाला. महा-ई-सेवा केंद्रात अर्ज भरताना मोठ्या मुलाचे वेतन घराच्या उत्पन्नात मिळवले गेले आणि आकडा ४,१७,००० झाला. फीमाफीची मर्यादा आठ लाखांची असल्याने तिथे फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो राहण्याजेवणाच्या मदतीत. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे शिकत असल्यास वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे भाग आहेत. विभागीय शहरांत हीच रक्कम ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८,००० आहे. येथे पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. आईवडिलांचे उत्पन्न आणि मुलाचे वेतन वेगळे दाखवून तलाठ्याचा अहवाल नव्याने घेतल्यावर दाखला १,९५,००० रुपयांचा मिळाला. यात काही लपवले गेलेले नाही. मुलाची वेतनचिठ्ठी अर्जासोबत जोडलेली होती. पण एका चुकीच्या बेरजेने वर्षाचे साठ हजार गेले असते.

गवंड्याच्या मुलीला मालकाची मदत

नोकरदाराच्या मुलांना कंपनीकडून शिक्षणाची मदत मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असते. गवंड्याचा मालक दर महिन्याला बदलतो, तेव्हा त्याच्या मुलीला मालकाकडून मदत मिळण्याचा प्रश्नच येत नाही असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर लागू केला. महाराष्ट्रात तो एक टक्का आहे, आणि तो पैसा राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. अनेक मालकांनी थोडे थोडे भरलेले हे पैसे कामगाराच्या नोंदणीच्या आधारे त्याच्या घरी परत येतात. माझ्या मते असंघटित कामगारासाठी मालकाकडून मिळणाऱ्या शैक्षणिक साहाय्याचे याहून खरे रूप आपल्याकडे नाही, आणि कोकणात त्याकडे केवळ नोंदणीवर मिळणाऱ्या भांड्यांच्या संचाची योजना म्हणून पाहिले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

मंडळाच्या नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २,५००, आठवी ते दहावीपर्यंत ५,०००, अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,०००, अभियांत्रिकी पदवीला ६०,००० आणि वैद्यकीय पदवीला १,००,००० रुपये मिळतात. दहावी किंवा बारावीत ५० टक्के गुण मिळाल्यास १०,००० रुपये वेगळे आहेत. या घरातील वडिलांची नोंदणी कोविडच्या काळापासून नूतनीकरणाविना पडून होती. नोंदणी चालू नसेल तर लाभ नाही. मुलीच्या आणि तिच्या भावाच्या शाळेच्या वर्षांत जे मिळू शकले असते ते गेले, आणि मागील वर्षांचा लाभ आता मागता येत नाही.

नूतनीकरणासाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ठेकेदार किंवा ग्रामसेवक देऊ शकतो. ग्रामसेवकाने, बोगस नोंदणीच्या तक्रारी वाढल्यामुळे आपल्यावर जबाबदारी येईल असे सांगून, सही टाळली. ठेकेदारही आधी बिचकला, कारण सही केली म्हणजे उपकराची चौकशी मागे लागेल अशी त्याची समजूत होती. अखेरीस ज्या घरमालकाकडे वडिलांनी जानेवारी ते एप्रिल सलग काम केले होते, त्याच्या बांधकाम परवानगीची प्रत आणि हजेरीचे पान जोडल्यावर ठेकेदाराने प्रमाणपत्र दिले. हे मे महिन्यात झाले. नव्वद दिवस मोजायचे, तर ते ऑक्टोबर ते मे या काळातच भरतात. जूननंतर जागे होणाऱ्याला दाखवायला चालू काम उरत नाही आणि ठेकेदारही मुंबईला किंवा शेतात असतो. कोकणात या कागदाचा महिना एप्रिल-मे आहे, असे ठामपणे म्हणता येते.

मंडळाचे ६०,००० शिक्षणासाठी आणि आधार योजनेचे ६०,००० निवासभोजनासाठी आहेत. उद्देश वेगळे असले तरी दोन्ही अर्जांत दुसऱ्या लाभाचा उल्लेख करण्याचा सल्ला घराला देण्यात आला आणि त्यांनी तो पाळला. लाभ लपवून घेतलेली रक्कम पुढे परत मागितली गेली, तर ती परत करण्याची ऐपत अशा घरात नसते.

पावसाळ्यातली तूट

आता वर्षाचा जमाखर्च पाहिला तर तो जुळतो. मंडळाचे ६०,०००, आधारचे ६०,०००, गावकऱ्यांच्या मुंबईतील मंडळाने गणपतीत गुणवंत मुलीला दिलेले १०,००० आणि घरची शिल्लक २५,००० मिळून १,५५,००० रुपये येतात, आणि खर्च १,५१,००० रुपयांचा आहे. कागदावर चार हजार उरतात.

ऑक्टोबरअखेरपर्यंतचा हिशोब मात्र जुळत नाही. प्रवेशाचे १७,०००, अनामत ८,०००, तीन महिन्यांची खोली व मेस २२,५००, लॅपटॉप ४२,००० आणि पुस्तके-प्रवासाचे ५,५०० असे ९५,००० रुपये तोपर्यंत बाहेर पडायचे होते. हाती होते ३५,०००. साठ हजारांची तूट नेमकी त्या चार महिन्यांत होती, ज्यांत वडिलांना काम नसते. प्रवेशफेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि बांधकाम दिवाळीनंतर : ही दोन वेळापत्रके एकमेकांच्या विरुद्ध चालतात, आणि शिष्यवृत्तीचे तिसरे वेळापत्रक दोघांच्याही मागून येते. आधारचा पहिला हप्ता जानेवारीत आला, मंडळाची रक्कम मार्चमध्ये आली.

घरापुढे तीन वाटा होत्या. मुंबईच्या नातेवाइकांकडून उसने घेणे ही पहिली. ती वडिलांनी नाकारली, कारण आदल्या वर्षी घराच्या छपरासाठी तिथूनच घेतलेले पैसे फेडायचे बाकी होते. दुसरी बँकेचे शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागू शकत नाहीत, आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष यांतील व्याज केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून भरले जाते. अट अशी की संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे (दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) मानांकन असावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, परंतु ती निवडक दर्जाच्या संस्थांसाठी असल्याने हे महाविद्यालय तिच्यात बसत नव्हते. व्याज अनुदान योजनेत ते बसत होते. घराने अर्ज ऑगस्टच्या शेवटी केला, शाखेने शुल्कपत्रक, प्रवेशपत्र आणि सहकर्जदार म्हणून मोठ्या मुलाची वेतनचिठ्ठी मागितली, आणि गणपतीच्या सुट्ट्या धरून प्रकरण लांबले.

म्हणून तिसरी वाट घेतली गेली. आईच्या पाटल्या तारण ठेवून सप्टेंबरमध्ये ६०,००० रुपये घेतले. दहा टक्के दराने मार्चपर्यंतचे सात महिन्यांचे व्याज ३,५०० रुपये झाले. ही रक्कम मोठी नाही, आणि सोनेतारण हा कोकणातील घरांचा जुना, विचारपूर्वक वापरला जाणारा मार्ग आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तरीही ज्या कर्जाचे व्याज सरकार भरणार होते ते बाजूला पडले आणि व्याजाचे कर्ज घेतले गेले, याचे कारण निव्वळ अर्जाची तारीख होती. शैक्षणिक कर्जासाठी बारावीच्या निकालानंतर लगेच, म्हणजे महाविद्यालय ठरण्यापूर्वीच, शाखेशी बोलून कागद तयार ठेवले आणि प्रवेश झाला त्या दिवशी प्रवेशपत्र जोडले, तर ते काम आटोपते. मंजूर मर्यादेतील लागेल तेवढीच उचल करता येते, हे शाखेत स्वतःहून सांगितले जात नाही. विचारावे लागते.

लोट्यातला मुलगा

मोठा मुलगा रासायनिक कारखान्यातील कामाचा आयटीआय करून दोन वर्षे ठेकेदाराच्या पटावर होता आणि २०२४ मध्ये कायम झाला. कंपनीचे शिक्षण-साहाय्य धोरण कायम कामगारांनाच लागू आहे, आणि धोरणाची पुस्तिका इंग्रजीत असल्याने त्याच्या पाळीतील कोणालाच त्यातील अटी नीट माहीत नव्हत्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्याची परवानगी संस्थांना दिली. त्यानुसार त्याने रासायनिक अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला. फी वर्षाला ३२,००० रुपये. वर्ष उत्तीर्ण झाल्यावर कंपनी ७५ टक्के परत देते, म्हणजे दोन वर्षांत ४८,००० रुपये, आणि शेवटच्या परताव्यानंतर दोन वर्षे नोकरी सोडायची नाही.

येथेही आधी भरा, मग घ्या हाच क्रम आहे. बहिणीच्या प्रवेशाच्या महिन्यातच भावाला बत्तीस हजार भरायचे होते. त्याने विनंती केल्यावर संस्थेने फी चार हप्त्यांत घेतली. कंपनीने परताव्याऐवजी फी थेट संस्थेला भरावी, अशी विनंती करण्यास त्याच्या वरिष्ठाने हरकत घेतली नाही, पण धोरणात तशी तरतूद नाही असे उत्तर आले. अमेरिकेत आयकर कायद्याच्या कलम १२७ नुसार मालकाने दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षणमदत कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरत नाहीत, आणि काही मोठ्या कंपन्या फी थेट महाविद्यालयाला भरतात. लोट्यातील मध्यम कारखान्यांकडून तेवढी अपेक्षा नाही. पहिल्या हप्त्यापुरती बिनव्याजी उचल वेतनातून कापून घेण्याच्या बोलीवर देणे मात्र त्यांना अवघड नाही.

दोन वर्षांच्या बंधनाचे काय? मुलाचे मित्र त्याला सही करू नको म्हणत होते, कारण तळोजात महिन्याला चार हजार जास्त मिळतात. दोन वर्षांत ते ९६,००० होतात, म्हणजे कंपनीच्या मदतीच्या दुप्पट. हा हिशोब वरवर बिनतोड दिसतो, पण तळोजात खोलीभाडे आणि जेवण यांत ते चार हजार पहिल्या आठवड्यातच संपतात, आणि हा मुलगा आज घरून कामावर जातो. शिवाय पदविका झाल्यावर त्याचा दर्जा त्याच कारखान्यात वाढणार आहे. त्यामुळे त्याच्यापुरते बंधन महाग नव्हते. अशा करारांकडे केवळ धमकी म्हणून पाहणेही बरोबर नाही : विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या सेवेची आणि ती मोडल्यास दोन लाख रुपयांच्या भरपाईची अट वैध ठरवली. मोडल्यावर किती रक्कम द्यावी लागेल, ती दर वर्षी कमी होत जाते का, आणि कंपनीनेच कामावरून कमी केले तर काय, हे तीन मुद्दे सहीपूर्वी लेखी घ्यावेत. या मुलाने पहिले दोन घेतले. तिसऱ्याचे उत्तर आले नाही आणि त्याने सही केली.

पहिलीतला पुतण्या

काकांची इच्छा मुलाला खेड शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याची होती. शाळेची फी २४,००० रुपये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के प्रवेश दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात आणि शासन शाळेला प्रतिपूर्ती देते. महाराष्ट्रात ही रक्कम प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये ठरलेली होती. पैसा मुलामागून त्याने निवडलेल्या शाळेकडे जावा, ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली, चिलीने ती १९८१ पासून देशभर राबवली, आणि आपल्याकडचे २५ टक्के हे तिचेच एक भारतीय रूप आहे.

वाडीत या कल्पनेचा उपयोग नव्हता. प्रवेश देताना शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आहे की तीनच्या, याला प्राधान्य असते. जिल्हा परिषदेच्या शाळेशिवाय त्या परिघात दुसरी शाळा नाही. निवडायला शाळाच नसेल, तर निवडीचा अधिकार मुंबई-पुण्यापुरता राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट देणारा बदल केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. त्यावर शहरांत मोठी चर्चा झाली, या वाडीला मात्र आधीही आणि नंतरही काहीच फरक पडला नाही. अर्जाची मुदत त्या वर्षी जानेवारीत सुरू झाली होती हेही काकांना मे महिन्यात कळले.

स्वतः फी भरून घालायचे, की जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा विचार करायचा, असा प्रश्न उरला. फी आणि गाडीचे दहा महिने महिन्याला १,२०० मिळून वर्षाला ३६,००० रुपये झाले असते. या चर्चेत एक मुद्दा काकांना नवा होता. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे आठवीतील एनएमएमएस, उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत लागते आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतीलच असावा लागतो. विनाअनुदानित शाळेतला मुलगा, तो २५ टक्क्यांतून गेलेला असला तरी, त्या परीक्षेला बसू शकत नाही. आणि २५ टक्क्यांतील मोफत शिक्षण आठवीला संपते. नववीपासून पूर्ण फी, तीही वाढलेली. एनएमएमएस प्रत्येकाला मिळत नाही, जागा ठरलेल्या असतात, म्हणून ४८,००० रुपये नक्की धरून चालणे चुकीचे होईल. पण आठवीनंतरच्या या वळणाचा विचार पहिलीच्या प्रवेशात करायला हवा, आणि तो जवळपास कोणी करत नाही.

खासगी शाळेत घातले म्हणजे मूल जास्त शिकते का, यावर कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील १८० गावांत सोडत पद्धतीने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीवर खासगी शाळेत गेलेल्या मुलांचे तेलुगू आणि गणित सरकारी शाळेतल्या मुलांइतकेच राहिले, हिंदीत ती पुढे गेली, आणि खासगी शाळांचा दरमुलामागे खर्च सरकारी शाळांच्या सुमारे एकतृतीयांश होता. रत्नागिरीतील शाळांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करू नये, पण छत्तीस हजार रुपये देऊन काय विकत घेतो आहोत, हा प्रश्न विचारण्यापुरता तो पुरेसा आहे.

पुतण्या वाडीच्या शाळेत गेला. पट अकरा आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला तेव्हापासून अशा प्रत्येक शाळेवर टांगती तलवार आहे, आणि शाळा हलली तर गाडीचे बाराशे रुपये काकांना तसेही द्यावे लागतील.

मार्चअखेरची स्थिती

नोव्हेंबर आणि डिसेंबरचे मुलीचे पंधरा हजार भावाने आपल्या वेतनातून दिले आणि आधारचा हप्ता आल्यावर परत घेतले. मंडळाची रक्कम आल्यावर पाटल्या सोडवल्या. व्याज जाऊन वर्षअखेर घराच्या हाती पाचशे रुपये उरले, आणि खोलीची अनामत मालकाकडे आहे. दुसऱ्या वर्षी लॅपटॉप आणि अनामत नसल्याने खर्च १,०१,००० पर्यंत खाली येईल. दोन्ही मदती चालू राहिल्या तर पुरून सुमारे एकोणीस हजार उरतील, आणि ती रक्कम ऑगस्टसाठी वेगळी ठेवायचे ठरले आहे. त्यासाठी वडिलांची नोंदणी मे महिन्यात नूतनीकृत व्हावी लागेल, मुलीला पुढच्या वर्षात प्रवेश मिळावा लागेल आणि उपस्थिती राखावी लागेल. उशिरा मंजूर होऊन पडलेल्या शैक्षणिक कर्जाची उचल अजून केलेली नाही. जुलैमध्ये विकास शुल्क भरायच्या वेळी तीच वापरायची आणि सोन्याला हात लावायचा नाही, असे आईने बजावले आहे. मुलाचा पहिला परतावा उन्हाळी परीक्षेच्या निकालानंतर यायचा आहे. हिवाळी परीक्षेत त्याचा एक विषय राहिला आहे, आणि राहिलेला विषय सुटल्याशिवाय वर्ष उत्तीर्ण धरायचे की नाही, यावर कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे लेखी उत्तर अद्याप आलेले नाही.